वैद्यांच्या घरची वाफ

आमच्याकडे पाहुणा आला, की जेवणानंतर कुणीतरी एक गोष्ट काढायचं. ती संपायच्या आत दुसऱ्याला दुसरी आठवायची. सांगणारी माणसं एकेक करून गेली आणि गोष्टी माझ्याकडे राहिल्या. सांगताना थोड्या मागेपुढे होतील, पण बहुतेक सगळ्या वाफेच्या आहेत. चुलीवरची वाफ झाकणाला लागली की पाणी होऊन टपकते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरची वाफ पाणी होतच नसे. वर जायची, थंड जागा सापडली की तिथेच खडा नाहीतर भुकटी होऊन बसायची.

घर हिंगोली-वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. तेव्हा निजामाचा मुलूख नाक्याशी संपायचा आणि पलीकडे वऱ्हाड लागायचा. माझे सासरे वैद्य. त्यांना मी मामंजी म्हणे. अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिथे त्यांची भट्टी. माझे यजमान हैदराबादला शिकून आलेले. हिंगोलीच्या शाळेत उर्दूतून सायन्स शिकवत आणि जुम्म्याच्या सुट्टीला घरी येत. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही इथे मास्तरच म्हणते.

बाप वैद्य आणि मुलगा सायन्सवाला, त्यामुळे एकाच वाफेवर दोन मतं. मामंजी म्हणत, "औषध उतरलं." मास्तर म्हणत, "वायूचा थेट घन झाला." सासूबाई म्हणत, "दोघंबी हात धुऊन जेवायला या."

* * *

मामंजींचं मोठं औषध म्हणजे रससिंदूर. पारा आणि गंधक खलात घोटून काजळासारखी पूड करायची आणि काचेच्या कुपीत भरायची. कुपीला चिखलात भिजवलेल्या कापडाचे थर द्यायचे, ती वाळूच्या मडक्यात गळ्यापर्यंत पुरायची आणि खालून जाळ करायचा. आतली वाफ वर चढून कुपीच्या गळ्याशी लाल होऊन बसायची. मात्र गळा मध्येच बुजला तर कुपी फुटते. म्हणून तापलेली सळई घालून वाट मोकळी ठेवावी लागे आणि त्यासाठी भट्टीपाशी माणूस बसलेला लागे.

एकदा अशी कुपी चढलेली असताना मामंजींचे साडू आले. शिरड शहापूरला त्यांची शेती होती आणि बांधावरून भावकीशी वाद चालला होता. तो वाद ते मुळापासून सांगायला बसले. बोलताना समोरच्याचा हात धरायची त्यांना सवय. मामंजी सळई घालायला उठले, तर साडूंनी हात ओढून खाली बसवलं. "पुढचं तर ऐका." थोड्या वेळाने मामंजी पुन्हा उठले. पुन्हा बसवलं.

मग शेडमध्ये मोठा आवाज झाला. कुपी पत्रा फोडून वर गेली. भिंती काळ्या-लाल झाल्या. बाहेर बांधलेली पांढरी गाय एका बाजूने तांबडी झाली. भट्टीपाशी कुणी नव्हतं म्हणून जीव वाचले. साडू ओसरीवरून उतरून चपला शोधायला लागले.

मामंजी मात्र हलले नाहीत. भिंतीला टेकून पाय पसरले आणि म्हणाले, "बसा. आता निवांत सांगा. मला उठायचं काम राहिलं न्हाई."

* * *

उस्मानभाई कल्हईवाला. आमच्याच अंगणात लिंबाखाली त्याचा भाता असे. भांडं तापलं की तो आत नवसागराची पूड टाकायचा. भसकन पांढरा धूर उठायचा. मग कथलाचा तुकडा फिरवून कापडाने पुसलं, की पितळेचं भांडं आतून चांदीसारखं.

मास्तरांनी त्याला एकदा समजावून सांगितलं, "हा नुसता धूर नाही. नवसागर तापला की त्याचा वायू होतो आणि बाहेरची हवा लागली की परत त्याचीच बारीक पूड. ती जागा मिळेल तिथे बसते."

ती उस्मानभाईच्या दाढीवर बसायची. दाढी काळी कुळकुळीत, माणूस पंचविशीतला. आईबाप लहानपणीच गेलेले, घरात एकटा. वसमतच्या एका घरी त्याचं जमत आलं होतं. त्याने पोरीला पाहिलं नव्हतं, पोरीच्या बापाने त्याला पाहिलं नव्हतं.

गावात एक लग्न होतं. त्या घरची सगळी भांडी कल्हईला आलेली. सकाळपासून उस्मानभाई धुरातच होता. अशात पोरीचा बाप न सांगता येऊन उभा राहिला. समोर बघतो तर पांढरी दाढी, पांढऱ्या भुवया. त्याने अदबीने सलाम केला आणि विचारलं, "चचा, उस्मान कहाँ है?"

उस्मानभाईने ओळखलं, की हा होणारा सासरा. 'मीच तो' म्हणायची त्याला लाज वाटली. म्हणाला, "बैठो साब, अब्भी आता." पाहुण्याला घोंगडी टाकून दिली, आमच्याकडून चहा आणून दिला, प्रवासात तकलीफ झाली का ते विचारलं. मग विहिरीवर गेला, तोंड खसखसून धुतलं, धुतलेला सदरा घातला आणि परत येऊन सलाम केला.

पाहुण्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खूश झाला. म्हणाला, "मियाँ, तुम्हारे चचा से अब्भी बात हुई. बहुत शरीफ आदमी है. घर में ऐसे बुजुर्ग हैं तो और क्या पूछना."

लग्न तिथेच ठरलं.

* * *

सासूबाईंचा एक पैठणचा शालू होता. कसर लागू नये म्हणून मास्तरांनी हैदराबादहून डांबराच्या गोळ्या आणून दिल्या. सासूबाईंनी त्या मोजून शालूच्या घड्यांत ठेवल्या, पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. थंडीत ट्रंक उघडली तर गोळ्या हरभऱ्याएवढ्या राहिलेल्या, काही तर नाहीतच.

"किल्ली माझ्याजवळ. मग कोण घेऊन गेलं?"

मी घाबरले, कारण घरात दुसरी बाई मीच. मास्तर मात्र ट्रंकेपाशी बसून झाकणाखाली बघायला लागले. झाकणाला आतून चमकदार पांढरे पापुद्रे धरले होते. म्हणाले, "आई, चोर इथे बसलाय. उन्हाने गोळ्यांची वाफ झाली. थोडी फटीतून गेली, थोडी गार पत्र्याला लागून परत घट्ट झाली."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. आतून चमचा आणला, झाकण खरवडून सगळे पापुद्रे फडक्यात काढले, पुरचुंडी बांधली आणि पुन्हा शालूत ठेवली.

"आता अजून एकदा जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि कुलूप लावलं.

* * *

लढाई सुरू झाली आणि कापूर मिळेनासा झाला. तो जपानकडून यायचा म्हणे. बाजारात जो मिळे तो पेटताना तडतडायचा आणि विझायचा. आमच्या मारुतीच्या देवळात रोज आरती अर्ध्यात विझायला लागली.

पुजारी धोंडूबुवा गरीब स्वभावाचे. गावात कुजबुज सुरू झाली, की बुवांचं सोवळं बिघडलं, देव त्यांच्या हातची आरती घेत नाही. पूजा दुसऱ्या घराकडे द्यायची गोष्ट पारावर निघाली. बुवांचं सगळं घर त्या देवळावर चालायचं. ते कापराची पुडी घेऊन मामंजींकडे आले. "वैद्यबुवा, दोष माझा का कापराचा, एवढं सांगा."

मामंजींनी मला बोलावलं. पितळी पातेल्यात कापूर घालायला लावला, वर ताट उपडं न ठेवता सरळ ठेवून त्यात गार पाणी ओतायला सांगितलं. खाली निखाऱ्यांची अगदी मंद आच. कापूर पेट घेतो, म्हणून जाळाची ज्योत जवळ येऊ द्यायची नाही. पाणी कोमट झालं की मी बदलत होते. बुवा समोर बसून नुसते ताटाकडे बघत होते.

शेवटी ताट उचललं. ताटाच्या बुडाला खालून पांढरेशुभ्र खडे लटकले होते. एक काढून पेटवला, तर शेवटपर्यंत जळला. राख नाही. पातेल्यात मात्र कितीतरी पांढरी पूड तशीच राहिलेली. मास्तरांनी तिच्यावर लिंबू पिळलं. फसफसलं.

"खडू आहे," मास्तर म्हणाले.

बुवा म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी देवाला खडू ओवाळून राहिलो होतो?"

"देवाने तक्रार केली का?" मामंजींनी विचारलं.

"न्हाई."

"मग झालं."

संध्याकाळी आरती शेवटपर्यंत जळली आणि पारावरची गोष्ट थांबली. शाळेत तेव्हा खडूचाही तुटवडा होता. मास्तरांनी ती पूड भिजवली, कांड्या वळल्या, वाळवल्या आणि हिंगोलीला नेल्या. बुवा अधूनमधून चौकशी करायचे, "मास्तर, आमचा खडू चालून राहिला ना? पोरं बराबर पास होतील. ओवाळलेला हाय."

* * *

रामू नाईक तांड्यावरचा. त्याच्या आज्याच्या काळी त्यांचे बैल मिठाच्या गोणी घेऊन मुलूखभर फिरायचे. रामूच्या वेळेला ते सगळं संपलं होतं. ओढ्याकाठी त्याचं वावर होतं आणि त्यात तूर.

एका कडाक्याच्या थंडीत सकाळी तो ओसरीपुढे येऊन उभा राहिला. "मास्तर, वावरात मीठ सांडल्यावाणी दिसून राहिलं. चला बरं."

मास्तर अंगावर काही न घेता निघाले. मी शाल घेऊन मागे. ओढ्यालगतचा खोलगट तुकडा पांढरा झाला होता. तुरीच्या प्रत्येक पानाच्या कडेला बारीक पांढरे केस आल्यासारखे. मास्तर तिथेच बसले. खिशातून भिंग काढलं.

"हे गोठलेलं दव नाही, रामू," ते सांगायला लागले. "दव आधी पाणी असतं. हे हवेतल्या वाफेचं थेट बर्फ झालंय, मध्ये पाणी झालंच नाही. इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवतो. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी आज बघतोय."

लहान मुलासारखे ते एका झाडाकडून दुसऱ्याकडे जात होते. रामू मुंडासं नीट करत ऐकत होता. मीही बघत होते. दिसायला ते खरंच सुंदर होतं.

मग ऊन आलं. पांढरं हळूहळू गेलं. त्याच्या मागे पानं काळी पडत गेली, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. फुलं, कोवळ्या शेंगा, सगळं लोंबायला लागलं.

रामू म्हणाला, "मास्तर, तुमचं बघून झालं. आता माझंबी बघा."

आवाजात राग नव्हता. मास्तरांनी भिंग खिशात ठेवलं. त्या दिवशी ते हिंगोलीला परतले नाहीत. रामूबरोबर वावरात राहून जळालेली तूर कापत होते. हाताला विळ्याची सवय नव्हती, बोटं कापून घेतली. चढावरचा तुकडा वाचला होता, त्यावर रामूने वर्ष काढलं.

पुढे दर थंडीत, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला दिसला की मास्तर घरी असले तर दुपारीच तांड्यावर जात. मग पिकावर हीव बसू नये म्हणून बांधाबांधावर ओला पालापाचोळा गोळा करून धूर करायची तयारी सुरू होई. कधी हीव पडे, कधी नाही. पडलं नाही तर रामू त्यांना चिडवायचा, "मास्तर, आज पुस्तक चुकलं बरं का." त्यावर मास्तर म्हणत, "चुकू दे."

* * *

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्या भागात राहणं कठीण झालं. रोज कुणाची तरी गाडी नाक्याच्या दिशेने जायची. नाका ओलांडून वऱ्हाडात गेलं की माणूस सुटला. पण वाटेत गाड्या अडवत आणि अडवणारे आधी बायकांचे गळे आणि हात बघत. लोक दागिने पिठात लपवत, उशीत शिवत, गाडीच्या बांबूत कोंबत. सगळ्यांना तेच सुचायचं, म्हणून झडती घेणारेही तिथेच बघायचे.

सासूबाईंकडे आईने दिलेल्या पाटल्या होत्या आणि एक पुतळ्यांची माळ. हे सगळं कुठे लपवायचं याचा विचार करून त्या थकल्या. मामंजी म्हणाले, "माझ्याकडे दे."

त्यांनी दिल्या. मामंजींनी पाटल्या तोडल्या, ठोकून पत्रे केले, कात्रीने बारीक कातरले आणि खलातल्या पाऱ्यात टाकले. माळही गेली. पाऱ्याने सोनं गिळलं. पिवळ्याचं पांढरं झालं आणि दिसेनासं झालं. वर गंधक पडला आणि सगळं काळं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. रससिंदुरात सोनं घातलं की त्याचं अजून मोठं औषध होतं, हे त्यांना माहीत होतं. मामंजींच्या मनात ते औषध कित्येक वर्षं होतं, हेही माहीत होतं. फक्त त्याला लागेल एवढं सोनं घरात मोकळं कधी नव्हतं.

कुपी भट्टीवर चढली. सासूबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. एकदाच शेडपाशी जाऊन त्यांनी विचारलं, "हे माझ्यासाठी केलं का औषधासाठी?"

मामंजी जाळ सारत होते. म्हणाले, "ती सळई दे जरा."

जाळ पूर्ण झाला, कुपीला बूच बसलं. आता ती वाळूतच आपोआप गार व्हायला हवी होती. आणि त्याच पहाटे उस्मानभाई गाडी जुंपून दारात आला. "वैद्यजी, आज निकलो. कल का मालूम नहीं."

मास्तर म्हणाले, "कुपी राहू द्या. वाटेत फुटेल."

मामंजी म्हणाले, "मग मीबी राहतो."

शेवटी वाळूचं मडकं तसंच्या तसं उचललं. गाडीत गोधड्यांच्या घड्या घालून त्यावर ठेवलं. मामंजी दोन्ही बाजूंनी गुडघे लावून बसले. खड्डा आला की ते मडक्याला मिठी मारायचे. सासूबाई त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

नाका जवळ आल्यावर बंदूकवाल्या माणसांनी गाडी अडवली. कोण होते ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पिठात हात घातले. उशा फाडल्या. बांबू ठोकून बघितले. माझ्या कानातलं गेलं, तांब्या-पितळ गेलं. मग एकाचं लक्ष मडक्याकडे गेलं.

"इसमें क्या है?"

उस्मानभाई खाली उतरून उभा होता. म्हणाला, "वैद्यजी की दवा है, साब. अब्भी उतर रही है."

त्या माणसाने वाळूत हात खुपसला आणि झटकन बाहेर काढला. बोटांवर फुंकर मारत म्हणाला, "गरम काहेको है?"

मामंजी रोग्याशी बोलावं तसं बोलले. "अब्भी पूरी बनी नहीं. बनी तो तुमको भी देता. हाथ को तूप लगाओ."

मागून एक वयस्कर आवाज आला, "छोड दो, पारे की चीज है." गाडी सुटली. नाक्यापाशी उस्मानभाईने कासरा मास्तरांच्या हाती दिला आणि चालत मागे फिरला. त्याची बायको-लेकरं अलीकडे होती.

पलीकडे वाशीमच्या वाटेवर एका आमराईत बरीच घरं उतरली होती. आम्हीही उतरलो. कुपी पूर्ण गार झाल्यावर मामंजींनी ती वाळूतून काढली, चिखलाचं कापड सोलून काढलं. पोटाभोवती रॉकेलचा दोरा बांधून पेटवला आणि ओलं फडकं लावलं. टक् करून कुपीचे दोन तुकडे झाले.

वरच्या तुकड्यात, गळ्याशी, जाड लाल थर धरला होता. आतून चमकत होता. मामंजींनी तो उन्हात धरला. "उतरलं," ते म्हणाले. मास्तरही सगळं विसरून त्यांच्या खांद्यावरून वाकले. "बघा मामा, सगळी वाफ इथेच बसलीय. थेंबभर कुठे पातळ झाली नाही." बापाला ते मामाच म्हणत. दोघांची डोकी त्या गळ्यावर एकमेकांना लागली होती. इतकं एकमत मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं.

खालचा तुकडा गोधडीवर पडला होता. सासूबाईंनी तो हळूच आपल्याकडे ओढला आणि पदरात उपडा केला. मातकट रंगाचे कण पडले. एक कण त्यांनी नखाने घासला. पिवळा झाला. दुसरा घासला. तोही पिवळा. सोनं वर चढलंच नव्हतं.

"अगं, इकडे बघ तरी," मामंजी म्हणाले, "काय रंग आलाय."

सासूबाईंनी मान वर केली नाही. पदराला गाठ मारत म्हणाल्या, "तुमी बाप-लेक वरचं बघा. खालचं मी बघते."